नमुन्याचं दूध

आमच्या घरातून आजवर कुणी अणुवीज केंद्र बघायला गेलं नव्हतं, आणि मीही ते बघायला गेले नव्हते. मी ताईला आणायला गेले होते. ताईचे यजमान, म्हणजे माझे दाजी, तिथे नोकरीला आहेत आणि दोघं तिथल्याच वसाहतीत राहतात. केंद्राचं नाव आणि आसपासच्या गावांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. वाचणाऱ्याला चुकल्यासारखं होईल, पण ज्या बाईबद्दल मला लिहायचं आहे तिला माझ्यामुळे आणखी त्रास नको. राज्याची हद्द ओलांडून, घाट उतरून, दाट जंगलातून वाहणाऱ्या एका नदीच्या काठी ते केंद्र आहे, एवढं पुरे.

स्वारगेट

"तू बोलत नाहीस, म्हणून तूच जा," आई म्हणाली.

हे कौतुक नव्हतं. पप्पांनी फोनवरून दाजींशी दोनदा वाद घालून पाहिला होता, आणि दोन्ही वेळा ताईनेच फोन ठेवून दिला होता. ताईला सातवा लागला होता. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे एक कारण. खरं कारण वेगळं होतं. गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला ताईचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हापासून वारज्यातल्या आमच्या घरात "तिकडचं पाणी", "तिकडची हवा" हे शब्द खालच्या आवाजात बोलले जायचे. आत्या मात्र मोठ्याने बोलायची. "तिकडे म्हणे दिवे लावावे लागत नाहीत, माणसंच उजळतात," असं ती भर जेवणात म्हणाली होती. कुणी हसलं नाही, आणि पप्पांनी ताटावरून उठून हात धुतले.

"दाजींना विचारून बघ, त्यांच्या मनात काय आहे," आई बॅगेत कडधान्याची पुरचुंडी कोंबत म्हणाली. "वाद घालू नको. नुसती बस तिच्याजवळ. तुझ्यासमोर माणसं आपोआप बोलतात."

हे मात्र खरं आहे. मी हिंजवडीत ज्या कंपनीत काम करते तिथेही लोक माझ्या टेबलाशी येऊन नको ते सांगून जातात. गप्प बसणारं माणूस म्हणजे भिंत, असं त्यांना वाटत असावं.

पप्पा स्वारगेटला सोडायला आले. बस लागेपर्यंत ते एकच वाक्य बोलले. "आली तर आण. नाही आली तर तूही जास्त दिवस राहू नको."

वसाहत

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. घाटात मला उलटी झाली, ती मात्र सांगते, कारण त्यावरून दाजींची ओळख होते. ते मला घ्यायला तालुक्याच्या गावापर्यंत गाडी घेऊन आले होते. वळणांवर माझा चेहरा बघून त्यांनी मागच्या खोक्यातून एक जाड प्लास्टिकची पिशवी काढून दिली. सगळं आटोपल्यावर ते शांतपणे म्हणाले, "ही नमुन्याची पिशवी होती. निर्जंतुक. इतकी चांगली पिशवी उलटीला आजवर कुणी वापरली नसेल." मग पिशवीला गाठ मारून ती त्यांनी वेगळ्या डब्यात ठेवली. रस्त्यावर फेकली नाही. मला बरं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

दाजी पर्यावरण तपासणीच्या प्रयोगशाळेत आहेत. वीज तयार करणाऱ्या माणसांशी त्यांचा रोजचा संबंध येत नाही. केंद्राच्या भोवतालच्या गावांतून पाणी, माती, गवत, मासे, फणस, दूध असं सगळं गोळा करून त्यात किरणोत्सार किती आहे हे मोजायचं, हे त्यांचं काम. लग्न ठरताना आमच्याकडे कुणाला हे नीट कळलं नव्हतं. आत्याने पाहुण्यांना "मुलगा सायंटिस्ट आहे" एवढंच सांगितलं होतं.

वसाहत इतकी नीटनेटकी होती की पहिल्या दिवशी मला चालताना पावलांचा आवाज करायची लाज वाटली. सरळ रस्ते, चुन्याने रंगवलेले झाडांचे बुंधे, शाळा, दवाखाना, बाजार. वारज्यात आमच्या दारात रिक्षा, टँकर, भाजीची गाडी आणि बिल्डरचा मिक्सर एका वेळी येतात. इथे दुपारी नुसती पानं पडलेली ऐकू येत होती. बागेत घसरगुंडीशेजारी एक फलक होता. आणीबाणीच्या वेळी इथे जमावे. त्याच्याखाली दोन बायका स्वेटर विणत बसल्या होत्या.

ताई दारात उभी होती. पोट पुढे, हात कमरेवर, आणि चेहरा मात्र लहान झालेला.

"तुला पाठवलं होय?" ती म्हणाली. "म्हणजे आईने शेवटचा पत्ता टाकला."

जेवायला तांबड्या तांदळाचा भात, कोकमाचं सार आणि फणसाचे पापड होते. दाजींच्या ताटात नदीचा मासा होता. तो ते मुद्दाम बाजारातून सगळ्यांच्या देखत विकत घेतात. "लॅबवाल्याने खाल्ला की बाकीचे खातात," ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात चेष्टा होती, अभिमानही होता.

जेवण झाल्यावर दाजींनी स्वतः दूध तापवलं, थोडं निववलं आणि ताईला पेलाभर दिलं. हे दूध नदीपलीकडच्या एका गावातून रतिबाने येत होतं. केंद्राला सगळ्यात जवळचं गाव तेच. मी पेल्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असावं.

"विचार की," दाजी म्हणाले.

मी ताटं गोळा करायला घेतली.

"त्याच गावाचं दूध मी दर महिन्याला मोजतो," ते आपणहून म्हणाले. "म्हणून तर तिथलं लावलंय. दुकानातली पिशवी कुठून येते, कुणी मोजलेली असते का? पुण्यात तुम्ही पिता त्या दुधाचं कुणाला काय माहीत आहे?"

आजोबांच्या म्हशी गेल्या, गोठ्याच्या जागी पार्किंग झालं, आणि तेव्हापासून आमच्याकडे निळी पिशवी येते. ती कुठून येते हे मी कधी विचारलेलं नाही.

दाजी आत गेल्यावर ताई माझ्याजवळ सरकली.

"आईला सांग, मी येणार नाही. आणि रुसून नाही म्हणत. समोरच्या ब्लॉकमध्ये दोन गर्भार बायका आहेत, मागच्या गल्लीत एक. त्या माझ्याकडे बघून राहिल्यात. लॅबवाल्याचीच बायको पळाली म्हटल्यावर त्यांनी काय समजायचं?"

"पण पहिलं बाळंतपण..."

"ते कारण मलाही माहीत आहे आणि तुलाही." ती जरा थांबली. "बाळ गेलं ना, तेव्हा मी महिनाभर पाण्याचा घोट घेताना विचार करायचे. ह्यांनी मला बसवून एकेक आकडा समजावून सांगितला. पाणी, भाजी, दूध. गवतावर काही पडलं तर गाय चरताना ते सगळं गोळा करते, म्हणून दूध आधी बघतात, हे मला तेव्हा कळलं. दुधात काही नव्हतं. मग मला झोप लागायला लागली. ते आकडे नसते तर मी वेडी झाले असते, ऋतू."

नदी

दुसऱ्या दिवशी दाजींनी मला केंद्र दाखवायला नेलं. अणुभट्टी काही आपल्याला बघायला मिळत नाही. फाटकावर फोन जमा करून एका माहिती दालनात नेतात, तिथे काचेखाली सगळ्याची प्रतिकृती असते, आणि मग एका उंचवट्यावरून खरं केंद्र लांबून बघायचं. राखाडी घुमट, त्यांच्याशेजारी लांबलचक इमारत, आणि खाली नदी.

मला वाटलं होतं की काहीतरी अगम्य ऐकायला मिळेल. दाजी म्हणाले, "शेवटी सगळा खटाटोप पाणी उकळायचा आहे. अणू फुटतो, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, वाफ पातं फिरवते, पात्याला जोडलेलं जनित्र फिरतं, वीज तयार होते. कोळशाने उकळा नाहीतर अणूने, पुढचं सगळं तेच."

"मग नदी कशाला?"

"वाफ थंड करून तिचं परत पाणी करायला. नदीचं पाणी नळ्यांच्या आतून जातं आणि बाहेरच्या वाफेत मिसळत नाही. उष्णता घेतं आणि परत नदीत जातं. थोडं कोमट होऊन."

ते कोमट पाणी जिथे नदीला मिळतं ती जागा वरून दिसत होती. तिथे बगळ्यांची गर्दी होती. उबेला मासे येतात आणि माशांना बगळे. एवढ्या काँक्रीटमध्ये तेवढीच एक जागा जिवंत वाटत होती, पण मला तीही बघवेना. माझ्या डोक्यात सारखं ताईचं पोट होतं.

घुमटांमागून तारांचे मनोरे निघून डोंगर चढत होते. एकामागे एक, जंगलात पट्टा कापून. त्यातली वीज किती लांबवर जाते, असं मी विचारलं. "एकदा तारेत गेली की तिच्यावर नाव नसतं," दाजी म्हणाले. "तुझ्या हिंजवडीच्या ऑफिसचा एसीही असेल तिच्यावर."

मला आमचं ऑफिस आठवलं. एसी इतका की आम्ही मुली उन्हाळ्यात शाल घेऊन बसतो.

परतताना दाजी म्हणाले, "उद्या माझी नमुन्याची फेरी आहे. चल. आईंना तिकडे जाऊन सांगता येईल, स्वतः पाहिलं म्हणून."

त्यांचा हेतू मला कळला. आईने मला ताईचं मन वळवायला पाठवलं होतं, आणि ते मला आईचं मन वळवायला परत पाठवणार होते. तरी मला त्यांचा राग आला नाही. ज्या माणसाला दाखवायला काही आहे तोच असं बोलावतो.

पलीकडचं गाव

फेरी पाण्यापासून सुरू झाली. दाजींनी पुलाखाली उतरून नदीचं पाणी भरलं, मग शेतातली माती, मग गवत. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर सही. ड्रायव्हर गाडीला टेकून तंबाखू मळत होता. माझ्या बुटात जळू शिरली होती. तिच्यावर मीठ टाकायचं ज्ञान ड्रायव्हरने दिलं आणि मीठही दिलं.

दुधाचं घर गावाच्या कडेला, तारांच्या मनोऱ्याखाली होतं. हौसाक्का अंगणातच उभ्या होत्या. मूळच्या कोल्हापूरकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. वय पन्नाशीचं असेल. दुधाचा कॅन घासून, धुऊन, ओट्यावर भरून ठेवलेला होता.

"या साहेब. आज पाव्हणं हाईत व्हय संगट?"

"मेहुणी आहे. पुण्याहून आली."

"पुन्याची? मग आत या की बाई. उनात काय उभ्या ऱ्हायलाय?"

दाजींनी कॅनमधलं दूध त्यांच्या बाटल्यांत भरायला घेतलं. चिठ्ठ्या, सह्या, बर्फाचा डबा. त्यांना वेळ लागणार होता. मी हौसाक्कांच्या मागे आत गेले. नको म्हणायला जमत नाही म्हणून गेले.

आत वीज नव्हती. डोक्यावरून जाणाऱ्या तारांचा बारीक गुंगुं आवाज येत होता आणि घरातला दिवा बंद होता.

"कवा जाते, कवा येते," त्या म्हणाल्या. "ह्या वरच्या तारा आमच्या न्हवंत. त्या लांबच्या."

त्यांनी मला चहा दिला. कोरा. आमच्या वारज्यातही जुन्या घरांत पाहुण्याला कोरा चहा देणं कमीपणाचं समजतात, त्यात हे तर दुधाचं घर. माझी नजर कपात गेलेली बघून त्यांनीच सांगितलं, "दूध समदं साहेबास्नी दिलं. गाय एकच हाय न्हवं."

"गाय बघू का?" मी विचारलं. शहरातली मुलगी गाय बघायला मागते यात कुणाला नवल वाटत नाही. मी मात्र खरंच मागितली. आजोबांच्या गोठ्याचा वास मला अजून आठवतो आणि वसाहतीतल्या दोन दिवसांत मला कुठल्याच गोष्टीचा वास आला नव्हता.

"ती चरायला गेलीया."

"गोठा तरी बघते."

त्या जागच्या हलल्या नाहीत. मी मागच्या दाराशी उभी होते, दार उघडंच होतं. गोठा समोरच दिसत होता. गव्हाणीत सरपण रचून ठेवलेलं होतं, वरपर्यंत. खुंट्याला दावं नव्हतं. जमीन कोरडी, भेगाळलेली. शेणाचा वास नव्हता, माशा नव्हत्या. सकाळी दूध काढलेल्या गोठ्याची जमीन अशी नसते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

चुलीशेजारी राखेत अर्धवट वितळलेली पिशवी होती. निळी. त्याच कंपनीची, आमच्या दारात रोज सकाळी येऊन पडते ती.

मी मागे वळले तेव्हा त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी काहीच म्हटलं नाही. आई म्हणते तसंच झालं. माझ्यासमोर माणसं आपोआप बोलतात.

"मागल्याच्या मागल्या दिवाळीत गेली," त्या म्हणाल्या. "पोट फुगलं आन गेली. साहेब महिन्यानं आलं, दारात गाडी हुबी. आता दारात आल्याल्या मानसाला मोकळं भांडं दाखवायचं व्हय? म्हनून तेवढी बारी तालुक्याच्या गाडीनं पिशव्या मागवल्या. म्हटलं, फुडल्या महिन्यात दुसरी गाय घिऊ. न्हाई जमलं. मग फुडल्या बारीबी तेच केलं."

"शेजारी गाय आहे ना? तिकडून घ्यायचं."

"तिच्याकडनं?" त्यांनी भिंतीकडे मान झटकली. "तिचं दूध तिकडं कालनीत जातं रतिबाला. तिला ठावं झालं आसतं तर तिनं दुसऱ्या दिशी साहेबाची गाडी आपल्या दारात हुबी केली आसती. दोन वर्सं टपलीया." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "माझा पोरगा आत कामाला हाय, ठेकेदाराकडं. साहेबांची वळख म्हनून लागला. ही गाडी बंद झाली की ती वळखबी गेली. तुमी शिकल्याल्या हाईसा. तुमीच सांगा, दूध म्हंजी दूध. नासकं तर कवा दिलं न्हाई मी. पानी घातलं न्हाई. भांडं तीनदा इसळते."

त्यांना खरोखर वाटत होतं की दाजी दुधाचा चांगलेपणा तपासतात. त्यांच्या परीने त्यांनी दर महिन्याला चांगलंच दूध दिलं होतं.

रतिबाला जातं ते शेजारणीचं दूध. मला कोरा चहा खाली ठेवावा लागला. ताईच्या पेल्यात पडत होतं ते दूध कधीच मोजलं गेलं नव्हतं.

"कुनाला सांगू नका हं बाई," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. बाहेरून दाजींनी हाक मारली.

पूल

गाडी पुलाशी आली तरी मी बोलले नव्हते. शेवटी पुलावर गाडी थांबवून दाजी पाण्याचा आणखी एक नमुना घ्यायला उतरले, तेव्हा मी मागोमाग गेले. ड्रायव्हर ऐकेल अशा अंतरावर होता. मी इंग्रजीत सांगितलं. शाळेपासूनची सवय आहे, अवघड गोष्ट मला इंग्रजीत सांगायला सोपी जाते, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं वाटतं. गाय नाही, हे सांगितलं. कधीपासून नाही, हेही सांगितलं. निळ्या पिशवीचं सांगितलं.

दाजींच्या हातात दोरीला बांधलेली बाटली होती. ती त्यांनी पाण्यात सोडली, भरू दिली, वर ओढली. मग रिकामी केली आणि पुन्हा सोडली. पहिल्यांदा खळबळून घ्यायची असते, ते मी सकाळी पाहिलं होतं. पण त्यांनी तिसऱ्यांदाही ओतली, आणि चौथ्यांदाही.

"समोर काढून घ्यायचं असतं दूध," ते म्हणाले. "नियमच आहे. पहिल्या वेळी त्यांनी तयार ठेवलं होतं. मला पुढच्या गावाला जायचं होतं. मग सवय झाली."

ते परत गाडीत बसले आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. हौसाक्कांच्या दारावरून गाडी पुढे गेली तेव्हा त्या अंगणातच उभ्या होत्या. गाडी शेजारच्या दारात थांबली. दाजींनी शेजारणीला गाय समोर आणायला सांगितली आणि धार काढेपर्यंत तिथेच उभे राहिले. हौसाक्का कुंपणापलीकडून सगळं बघत होत्या. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीची काच वर केली नाही आणि मान खाली घातली नाही, एवढंच माझ्याने झालं.

ताईचं घर

दाजी त्या दिवशी प्रयोगशाळेतून उशिरा आले नाहीत, उलट लवकर आले. त्यांनी आपल्या वरिष्ठांना सगळं सांगून टाकलं होतं. दूध यंत्रात लावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा आला.

"आजचं दूध चांगलं आहे," ते ताईला म्हणाले. आदल्या दिवशीच त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं. माझ्यासमोर. आताही मला उठून जायचं होतं, पण ताईने माझा हात धरून ठेवला होता. "काही चाचण्यांना आठवडे लागतात, पण जे लगेच कळतं ते सगळं ठीक आहे. बाकीच्या गावांचं दूध आधीपासून ठीकच आहे. पाणी ठीक आहे. मासे, गवत, सगळं."

"मग झालं तर," ताई म्हणाली.

दाजींनी आकड्याचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"मग झालं ना? बाकी सगळं ठीक, म्हणजे तेही ठीकच असणार."

"असणार," दाजी म्हणाले. "शंभरातली नव्व्याण्णव माणसं तेच म्हणतील. मीही तेच म्हणेन."

"गेल्या वर्षी होळीला तुम्ही 'असणार' म्हणाला नव्हतात. 'आहे' म्हणाला होतात."

खोलीत पंखा फिरत होता. दाजींनी वर पंख्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"मागच्या वर्षीचं दूध परत आणता येत नाही," ते म्हणाले. "ते कसं होतं, मला माहीत नाही."

मी त्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' पहिल्यांदा ऐकलं. ताई रडली नाही. तिने माझा हात सोडला, उठली, स्वयंपाकघरात गेली आणि रतिबाचं भांडं घासायला घेतलं. बराच वेळ घासत होती. तिथे एवढं घासण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी दाजींनी कपाटावरून मोठी बॅग काढली आणि तिचे कपडे स्वतः घड्या घालून भरले. ताई दारात उभी राहून बघत होती.

"समोरच्या बायका काय म्हणतील?" ती म्हणाली.

"म्हणू देत."

"मी पळाले असं म्हणतील."

"मी पाठवलं म्हणून सांगेन," दाजी म्हणाले. "विचारलं तर का पाठवलं तेही सांगेन."

निघताना वसाहतीच्या फाटकापाशी स्वेटर विणणाऱ्या त्या दोघींपैकी एक भेटली. तिचंही पोट दिसायला लागलं होतं. तिने बॅगेकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि "डिलिव्हरीला का?" एवढंच विचारलं. "हो, पहिलं माहेरी असतं आमच्यात," ताई म्हणाली. त्या बाईने मान हलवली आणि ती घराकडे वळली. तिच्या चालण्यात घाई होती.

वारजे

आईला आम्ही काही सांगितलं नाही. सांगून तिला काय मिळालं असतं? जे कुणालाच माहीत नाही ते तिला पक्कं माहीत झालं असतं, आणि आत्याला तिच्याही आधी. आई फक्त माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "बघ, न बोलता काम केलंस."

दाजींचा फोन रोज येतो. पूर्वी ते आकडे सांगायचे, आता "झोप लागली का?" असं विचारतात. शेजारणीचं दूध अजून चांगलंच येतंय. राहिलेल्या चाचण्या व्हायच्या आहेत. हौसाक्कांच्या मुलाला ठेकेदाराने पुढच्या कामावर घेतलं नाही. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, हे दाजींना विचारलं तर तेही त्यांना सांगता आलं नाही.

इथे वारज्याच्या पुलाखालून आमचीही नदी जाते. काळी, तिच्यावर पांढरा फेस. तिच्या काठच्या हिरव्यागार पालेभाजीची जुडी आई पदराने झटकून घेते. कुणी बाटली घेऊन खाली उतरलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

परवा सकाळी आईने निळी पिशवी कात्रीने कापली आणि दूध पातेल्यात ओतलं. ताई ओट्याजवळ खुर्चीत बसली होती. रिकामी पिशवी तिने हातात घेतली, उलटी-सुलटी केली, त्यावरचं चित्र बघितलं.

"हीच का ती?" तिने मला विचारलं.

मी मान हलवली.

"म्हणजे दीड वर्ष ह्यांनी हेच मोजलं."

"हो."

आईने पेला भरून तिच्यापुढे ठेवला. ताईने एका दमात पिऊन टाकला.

"अख्ख्या पुण्यात एवढं तपासलेलं दूध कुणी पीत नसेल," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला आवडलं नाही. आईला मात्र त्यातलं फक्त हसू दिसलं, आणि इतक्या दिवसांत तिचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

ताईने रिकामा पेला पुढे केला. "अजून दे, आई."

आईने पातेलं उचललं. आम्ही दोघी बहिणी पेल्याकडे बघत राहिलो, एकमेकींकडे नाही.